शाळेतला मास्क : सातारा-सांगलीच्या आईवडिलांनो, तुमच्या घरी काय झालं ते लिहा

मागच्या शनिवारी आमच्या धाकटीच्या वर्गाची पालकसभा झाली. दुसरीचा वर्ग, 52 मुलं, त्यातली निम्मी सर्दी-तापाने घरी. एक आई म्हणाली, आठ दिवस सगळ्यांना मास्क लावायला सांगा. झालं! सभेचे दोन तट पडले. कुणी म्हणालं, पुन्हा ते दिवस नकोत. कुणी म्हणालं, माझ्या सासूबाईंचं डायलिसिस चालू आहे, मी काय करू? मी गप्प बसले. मला दोघींचंही पटत होतं, आणि ते गप्प बसणं तेव्हापासून टोचतंय.

माझा थोरला कोरोनात पहिलीला होता. बालवाडी मोबाइलवर झालेली. राज्याने 1 डिसेंबर 2021 पासून लहान वर्ग उघडले, तेव्हा तो पहिल्यांदा खऱ्या वर्गात बसला. बाई मास्कमध्ये, तोही मास्कमध्ये. जानेवारीत शाळा पुन्हा बंद, मग पुन्हा सुरू. या सगळ्यात तो प आणि फ मध्ये घोटाळा करायचा. 'फळा'ला 'पळा' म्हणायचा. ओठ मिटून काढायची अक्षरं ओठ न बघता शिकत होता, हे माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले. मग मी रोज संध्याकाळी त्याच्यासमोर बसून प-फ-ब-भ-म म्हणायचे, त्याचा हात माझ्या तोंडासमोर धरून. 'फ'ला हाताला वारा लागतो, 'प'ला तेवढा लागत नाही. 2022 च्या गुढीपाडव्याला निर्बंध उठले. त्यानंतर एक दिवस शाळेतून धावत आला आणि म्हणाला, "आई, आमच्या बाईंच्या गालाला खळी पडते!" चार महिने त्या बाईंच्या हाताखाली शिकला होता.

पण याच घरात मे 2021 मध्ये मिस्टरांचे काका गेले. पंधरा दिवस ऑक्सिजनवर होते. त्यामुळे मास्कला नुसती कटकट म्हणणंही मला जमत नाही.

म्हणून हा धागा. नुसतं 'हवा' किंवा 'नको' लिहू नका. मूल केवढं होतं, वर्गात किती मुलं, घरात कोण म्हातारं-आजारी, आणि प्रत्यक्षात काय घडलं ते लिहा. जून 2021 मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने सांगितलं होतं की पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्क नको, सहा ते अकरामध्ये आईवडिलांच्या देखरेखीखाली चालेल, बारानंतर मोठ्यांसारखा. आमच्याकडे मात्र मोठ्या शिशूपासून दहावीपर्यंत सगळ्यांना एकच नियम होता.

— सांगली, विश्रामबाग


ताई, आमच्याकडं मास्कचं नवल नव्हतं. आमचे मालक हळदीच्या पॉलिशला जातात. ड्रम फिरायला लागला की पिवळी धूळ उडते, तोंडाला फडकं बांधल्याशिवाय उभं राहता येत नाही. पोरंबी ते बघतच मोठी झाली. शाळा उघडली तेव्हा मी तिघांना जुन्या सुती साडीची फडकी दुहेरी करून, नाड्या लावून दिली. तर मधल्याला गेटवरनं परत पाठवलं. "तीन पदरी मास्क आणा." पोरगं रडत घरी आलं. दुकानातनं आणले, पण तिघांत चारच. रात्री धुवायचे आणि चुलीच्या वर दोरीला टांगायचे. डिसेंबरात सकाळपर्यंत वाळायचे नाहीत. ओला मास्क लावून पोरं गेली, नाकाखाली पुरळ उठलं.

मला मास्कचा राग नाही. दारातनं परत पाठवण्याचा आहे. शाळेत दहा मास्क ठेवले असते तर?

— मिरज


वरच्या ताईंना हात जोडून सांगतो, मी शिक्षक आहे, आणि पाटण तालुक्यातल्या आमच्या शाळेत आम्ही मास्कचा डबा ठेवला होता. गावातल्या बचत गटाच्या बायकांनी शिवून दिले होते. तरी पुरायचे नाहीत. हंगामात ऊसतोडीच्या टोळ्या येतात, त्यांची मुलं दोन-तीन महिने आमच्याकडे बसतात. दोघा भावंडांत एक मास्क असायचा. थोरला शौचाला बाहेर गेला की धाकट्याच्या तोंडावर तोच. हे पाहिलं आणि मी मास्क तपासणं बंद केलं.

आमचं भाग्य असं की पट 23. देवळाचा सभामंडप मोठा, चारी बाजूंनी उघडा. फळा तिकडे नेला. वारा खेळता, मुलं लांब लांब बसलेली. कविता म्हणताना मास्क खाली करा म्हणायचो. वाचन एकेकाचं, खांबाजवळ उभं राहून, उघड्या तोंडाने. शहरात 60 मुलांच्या खोलीत हे कसं जमणार, याची मला कल्पना आहे, म्हणून तिथल्या शिक्षकांना मी दोष देत नाही. माझा स्वतःचा मुलगा कराडला तशाच वर्गात होता. त्याच्यासाठी मला मास्क हवा होता, माझ्या शाळेतल्या मुलांसाठी नको होता. दोन्ही खरं आहे.

आणि घसा. मास्कमधून पाच तास ओरडून माझा आवाज जो बसला, तो अजून पूर्ण सुटलेला नाही.

— कराड


माझ्या लेकाला जन्मापासून कमी ऐकू येतं. दोन्ही कानांना यंत्र आहे, पण यंत्राने आवाज येतो, शब्द तो ओठांवरून जोडतो. साध्या मुलांच्या शाळेत तिसरीत होता. सगळ्यांच्या तोंडावर कापड आलं त्या दिवशी त्याचा वर्ग मुका झाला. घरी येऊन तो चिडायचा, भावाला मारायचा. आम्हाला वाटलं, दीड वर्ष घरात राहून बिघडला. त्यात कानामागे यंत्र, चष्म्याची काडी आणि मास्कचं इलॅस्टिक. मास्क काढताना यंत्र निघून पडायचं. एकदा मैदानात हरवलं, पूर्ण वर्गाने शोधलं.

मी समोर प्लास्टिकची खिडकी असलेला मास्क शिवून बाईंना नेऊन दिला. त्यांनी तो लावला. दहा मिनिटांत आतून वाफ धरली, काही दिसेना. मग त्यांनी स्वतःच ठरवलं. याला पहिल्या बाकावर खिडकीशी बसवलं, त्या फळ्यापाशी सहा-सात फूट लांब उभ्या राहायच्या आणि मास्क हनुवटीखाली घेऊन शिकवायच्या. नियमात ते बसत नव्हतं. कुणी तक्रार केली असती तर त्यांनाच उत्तर द्यावं लागलं असतं. त्या घरी वडिलांना सांभाळत होत्या, तरी केलं. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, पण पोवई नाक्यावर भेटल्या की मी आजही वाकून नमस्कार करते.

पुढे कधी असा नियम करायची वेळ आली तर आधी विचारा, या वर्गात ओठ वाचणारं मूल आहे का. एवढंच.

— सातारा


मी नियमाच्या बाजूचा. मुलीला दमा आहे. त्या हिवाळ्यात तिला पंप एकदाच लागला. एरवी गाळप सुरू झालं, उसाचा पाला जळायला लागला की आमच्या रात्री तिच्या उशाशी बसून जातात. फक्त मास्कमुळे असं मी म्हणणार नाही, शाळा निम्मा वेळ बंदच होती. पण तिला ती सवय लागली आणि आजही सायकलवर जाताना ती लावते. कुणी हसलं तरी लावते.

— इस्लामपूर


15 जानेवारी 2021 ला ग्रामपंचायतीचं मतदान झालं. आमच्या गावात प्रचाराला, गुलालाला किती जणांच्या तोंडावर मास्क होता ते मी मोजलं असतं तर एका हाताची बोटं पुरली असती. त्याच महिन्यात 27 तारखेला पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले आणि माझ्या सहावीतल्या पोराला मास्क नाकाखाली आला म्हणून व्हरांड्यात उभं केलं. त्याने मला विचारलं, "पप्पा, सरपंचांना का नाही उभं केलं?" मला उत्तर देता आलं नाही. मास्क चांगला का वाईट ते डॉक्टर सांगतील. पण मोठे पाळत नाहीत तो नियम पोरांच्या अंगावर घालू नका.

— जत


माझी मुलगी तेव्हा दहावीत. 3 जानेवारी 2022 ला पंधरा ते अठराच्या मुलांचं लसीकरण सुरू झालं, त्याच दिवशी तिला पहिला डोस मिळाला. सावित्रीबाईंची जयंती. त्यांचं नायगाव आमच्यापासून जवळ, म्हणून ती लस घेऊन आल्यावर म्हणाली, आज शाळेचं काहीतरी चांगलं झालं. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा मास्क लावूनच दिली.

खरी अडचण मास्क उतरल्यावर सुरू झाली. तो ऐच्छिक झाला आणि ही काढेना. अकरावीचं अख्खं वर्ष लावला. मला वाटलं भीती असेल. खूप दिवसांनी एका रात्री बोलली. त्या दीड-दोन वर्षांत तिच्या चेहऱ्यावर मुरुमं आली होती, ओठावर लव आली होती, आणि नव्या कॉलेजात तिचा चेहरा कुणी पाहिलाच नव्हता. "आता काढला तर सगळे म्हणतील, अशी आहे होय ही!" मी तिला जवळ घेतलं. बोलायला काही सुचलं नाही. शेवटी तिच्या मैत्रिणीने, जिचीही तीच गत होती, दोघींनी एकाच दिवशी काढायचं ठरवलं. एप्रिल 2023 मध्ये सातारा जिल्ह्यात कार्यालयं, कॉलेजं, बँका इथे पुन्हा मास्क सक्तीचे झाले, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. आजाराचा नाही, ही पुन्हा आत जाईल याचा.

— वाई


मी आजोबा आहे, आई-वडील नाही, तरी लिहितो. आमची ही एप्रिल 2021 मध्ये गेली. नातू तेव्हा चौथीत. घरात सगळ्यांना झाला होता, कुणाकडून कुणाला ते देवाला ठाऊक. पण शाळेच्या ऑनलाइन तासाला मुलांना घोकून घेतलं होतं की तुम्ही मास्क लावला नाही तर तुमचे आजी-आजोबा आजारी पडतील. शिकवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. नातू मात्र ते मनात धरून बसला. तो शेजारी क्रिकेट खेळायला जायचा, मास्क खिशात ठेवून.

ऑक्टोबरात खेड्यातले पाचवीचे वर्ग उघडले. हा डबा तसाच परत आणायला लागला. भाकरी, चटणी, काही नाही खाल्लेलं. विचारलं तर भूक नव्हती म्हणायचा. गुरुजी स्वतः घरी आले आणि म्हणाले, तो जेवायलासुद्धा मास्क काढत नाही. मग गुरुजींनी पटांगणात चिंचेखाली त्याच्याशेजारी आपला डबा उघडला. पहिल्या दिवशी ते एकटेच जेवले. दुसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी याने मास्क बाजूला करून एक घास घेतला आणि लगेच वर केला. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत अर्धी भाकरी संपायला लागली.

मग एका रात्री मला म्हणाला, "आबा, आजी माझ्यामुळे गेली का?" मी म्हणालो, नाही रे सोन्या. पण सहा महिने ते त्याच्या मनात होतं आणि मी त्याच खोलीत झोपत होतो.

— तासगाव


आबा, तुमचं वाचून मी काल रात्री थोरल्याला उठवून विचारणार होते, त्याच्या मनात असं काही होतं का. उठवलं नाही. आज विचारलं. त्याला काकाआजोबा आठवतात, पण तसं काही नव्हतं म्हणाला.

सगळ्यांचं वाचून मी आज बाईंना भेटले. मास्कचा नियम करू नका असं म्हटलं नाही. एवढंच म्हटलं की खोकणाऱ्या मुलाला दोन दिवस घरी ठेवलं तर हजेरीवरून बोलू नका, ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांनी लावला तर त्यांना कुणी चिडवणार नाही हे वर्गात सांगा, कपाटात मास्क ठेवा, मी पन्नास आणून देते, आणि वाचनाच्या तासाला सगळ्यांचे ओठ दिसू देत. डायलिसिसवाल्या सासूबाईंच्या सूनबाईही बरोबर होत्या, त्यांना हे पटलं.

मग आम्ही तिघी वर्गात गेलो. खोलीला तीन खिडक्या आहेत. दोन माकडांच्या त्रासामुळे खिळे मारून बंद केलेल्या, कोरोनाच्याही आधीपासून. म्हणजे तेव्हासुद्धा थोरला याच बंद खोलीत मास्क लावून बसत होता. बाईंनी खिळे काढून जाळी बसवायला सोमवारी सुतार बोलावलाय. जाळीचे पैसे आम्ही दोघी देतोय.

— सांगली, विश्रामबाग