गोदाकाठी बदली झाली आहे: सायखेडा-चांदोरी परिसरातील राहणी आणि विरंगुळा यांविषयी सल्ला हवा

बदलीचा_बिऱ्हाडी
नमस्कार मंडळी. निफाड तालुक्यात, सायखेडा येथील बँकेच्या शाखेत माझी बदली झाली असून येत्या जूनपासून तेथे रुजू व्हायचे आहे. आजवरचे सारे आयुष्य पुण्यात गेल्यामुळे नदीकाठच्या लहान गावात दिवस कसे जातात, याची घरात कोणालाच कल्पना नाही. सोबत पत्नी, पाचवीत जाणारा मुलगा आणि सत्तरी ओलांडलेले वडील आहेत. वडिलांना पहाटे फिरण्याची व वाचनाची सवय आहे, मुलाला पक्ष्यांचे वेड आहे आणि पत्नीला माणसांत राहायला आवडते. घर सायखेड्यात घ्यावे की पलीकडे चांदोरीला? मुलाला नदीत पोहायला शिकवता येईल का? रविवारी आणि संध्याकाळी विरंगुळ्याची साधने कोणती आहेत? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

मळेकरी
आमचा मळा याच पट्ट्यात आहे, म्हणून आधी घराविषयी लिहितो, कारण इथे विरंगुळ्याचा प्रश्न त्यानंतर येतो. शाखा सायखेड्यात आहे, तर घर आणि शाळाही त्याच काठाला पाहा. चांदोरी महामार्गावर असल्यामुळे नाशिकला जाणे-येणे सोयीचे आहे, हे खरे. परंतु दोन्ही गावांना जोडणारा पूल बुटका आहे. गंगापूर आणि दारणा धरणांतून विसर्ग वाढला आणि वरून वाहत आलेल्या पाणवेली पुलाला अडकल्या, की वाहतूक बंद होते आणि एका काठावर घर व दुसऱ्या काठावर नोकरी असलेल्या माणसाला मोठा वळसा पडतो. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या दोन्ही पुरांत सायखेडा व चांदोरी येथे पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरले होते. घरमालक ‘इकडे कधी पाणी येत नाही’ असे म्हणाले, तरी शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला त्या वर्षीचे पाणी कुठवर आले होते ते विचारा. भिंतीवरची खूण तो हात लावून दाखवेल, आणि तिच्या वरचे घर मिळाले तरच भाडे ठरवा.

पोहण्याविषयी स्पष्ट सांगतो. मुलाला नदीत उतरवू नका. नाशिक शहराचे सांडपाणी याच पात्रातून खाली येते, हिवाळ्यापासून पाणवेलींचा हिरवा थर धरतो आणि त्याखाली गाळ किती आहे, हे वरून कळत नाही. आमच्या पोरांनी पोहणे विहिरीत आणि शेततळ्याबाहेरच्या हौदात शिकले. शेततळ्यात मात्र कोणालाही सोडू नये, कारण प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरतो आणि वर येता येत नाही. ओळख झाली की एखादा शेतकरी पायऱ्यांची विहीर आनंदाने दाखवेल. कमरेला दोर आणि सोबत पट्टीचा पोहणारा हवाच.

वडिलांच्या पहाटफेरीबद्दलही एक सूचना आहे. संपूर्ण गोदाकाठ उसाचा आहे आणि उसात बिबट्याचा वावर आहे. तोड सुरू झाली की त्याचा आडोसा जातो आणि तो वस्त्यांकडे सरकतो. उजाडल्याशिवाय शिवारातल्या रस्त्याने एकट्याने जाऊ नये. गावातील दिव्यांच्या रस्त्यावर काहीच अडचण नाही, शिवाय तिथे फिरणाऱ्यांची सोबतही आपोआप मिळते.

नाशिकरोडकर
एवढ्या भानगडी कशाला? नाशिकरोडला घर घ्यावे आणि रोज गाडीने जावे-यावे. मुलाला शाळा, पत्नीला नाट्यगृह आणि वडिलांना दवाखाना, सारे हाताशी राहील. खेड्यात महिनाभरात कंटाळा येतो, असा अनेकांचा अनुभव आहे.

दुर्बीण_आणि_डबा
वरील सल्ला सोयीचा असला तरी पक्ष्यांचे वेड असलेल्या मुलाला नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्यावरच्या पक्षी अभयारण्यापासून दूर ठेवणारा आहे, म्हणून मी जरा सविस्तर लिहितो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी इंग्रजी अमदानीत, विसाव्या शतकाच्या आरंभी, हा बंधारा बांधला गेला. त्याच्या पोटात वर्षानुवर्षे गाळ साचत गेला, त्यातून उथळ पाणथळी, बेटे आणि पाणगवताची रानेही तयार झाली, आणि साठवणीच्या दृष्टीने जे नुकसान होते तेच पक्ष्यांच्या पथ्यावर पडले. १९८६ मध्ये अभयारण्य जाहीर झाले आणि जानेवारी २०२० मध्ये ही महाराष्ट्रातील पहिली रामसर पाणथळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाची मानलेली पाणथळ, ठरली. तुमच्या घरापासून हे ठिकाण इतके जवळ असेल, की सकाळी जाऊन दुपारच्या जेवणाला परत येता येईल.

जूनमध्ये येताच मुलाला तिकडे नेऊन निराश करू नका. पावसाळ्यात दरवाज्यांतून पाणी सुटलेले असते, पात्र गढूळ असते आणि स्थलांतरित पक्षी नसतात. दिवाळीनंतर पाणी स्थिरावते, मग थापट्या, तलवार बदक, चक्रवाक यांचे थवे उतरू लागतात. चमचे, चित्रबलाक आणि शराटी तर सहज दिसतात. रोहित पक्षी दर वर्षी सारख्या संख्येने येतीलच असे नाही, त्यामुळे केवळ त्यांच्यासाठी जाणारे बरेचदा हिरमुसून परततात. मुलाला सुरुवातीला जांभळ्या पाणकोंबडीवर नजर ठेवायला सांगा. ती पाणगवताचा देठ चोचीने उपटते, लांब बोटांच्या पायात मुठीसारखा धरते आणि पाय चोचीपर्यंत उचलून सावकाश सोलून खाते. हे दृश्य पुरेसा वेळ पाहिलेले मूल पुढे पक्ष्यांची यादी करण्याच्या नादी लागत नाही, ते पाहायला शिकते.

चापडगाव आणि खाणगाव थडी या बाजूंना मनोरे आहेत. चापडगावला स्थानिक तरुण मार्गदर्शक मोठी दुर्बीण घेऊन सोबत येतात. त्यांना अवश्य सोबत घ्या, कारण कोणता थवा सध्या कोणत्या बेटावर आहे, हे त्यांना रोजचे ठाऊक असते. रविवारी कॅमेरेवाल्यांची गर्दी फार होते. तुमची शाखा ज्या शनिवारी बंद असते तो दिवस त्यापेक्षा बरा. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे, पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो, तेव्हा कानटोपी विसरू नये.

ओसरीवरून
मी या भागात लग्न होऊन आले, त्यामुळे ताईंसाठी लिहिते. माणसांत राहायची आवड असेल, तर त्यांना इथे एकटे वाटणार नाही, उलट पहिल्या वर्षी थोडा एकांत मिळावा असेच वाटेल. श्रावणात पोथी आणि हरिनाम सप्ताह असतात. सप्ताहात पंगतीला भाकरी भाजायला आपणहून जाऊन बसल्यास महिनाभरात निम्मे गाव ओळखीचे होते. संक्रांतीच्या हळदी-कुंकवाला बोलावण्याची वाट न पाहता स्वतःच्या घरी आधी बोलावणे करावे. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते, तेव्हा आपल्याकडच्या गावांतून दिंड्या पायी निघतात. वडिलांना जमेल तेवढे, निदान गावच्या वेशीपर्यंत, दिंडीबरोबर चालता येईल.

त्यांच्या वाचनासाठी नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व घ्यावे. १८४० साली स्थापन झालेल्या या संस्थेचा संग्रह मोठा आहे, आणि महिन्यातून एखादी फेरी पुरते. न्यायमूर्ती रानडे यांचा जन्म निफाडचाच, हे त्यांना सांगितलेत तर गावाविषयी त्यांचे मत पहिल्याच दिवशी चांगले होईल! चांदोरीलाही फिरवून आणा. तिथे नदीपात्रात जुनी दगडी मंदिरे आहेत. नांदूरच्या बंधाऱ्याचा फुगवटा असतो तोवर ती पाण्याखाली असतात आणि पाणी बरेच उतरले तरच दिसतात, म्हणून उन्हाळ्यात बंधाऱ्यातून आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाण्याची पाळी, सुटल्याची बातमी आली की चौकशी करावी.

मुलासाठी आणखी एक गोष्ट सुचवते. संक्रांतीला येवल्याला जा. भोगी, संक्रांत आणि कर असे तिन्ही दिवस तिथे अख्खे गाव गच्चीवर असते आणि आसारीवर, म्हणजे तिथल्या फिरकीवर, मांजा गुंडाळणारे हात पाहण्यासारखे असतात. नाशिकरोडकरांना एवढेच म्हणते, की रोज जाऊन-येऊन राहणाऱ्या माणसाला गावात फक्त नोकरीच दिसते. दवाखान्याचा मुद्दा मात्र त्यांचा बरोबर आहे. वडिलांच्या नेहमीच्या तपासण्या नाशिकलाच ठेवाव्यात आणि औषधे महिनाभराची एकदम आणावीत, विशेषतः पावसाळ्यात.

बदलीचा_बिऱ्हाडी
सर्वांचे मनःपूर्वक आभार. घर सायखेड्याच्याच बाजूला, पुराची खूण विचारून घेण्याचे ठरवले आहे. एकच शंका राहिली. वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे मनोऱ्याच्या पायऱ्या त्यांना चढवणार नाहीत. त्यांना नांदूरला नेण्यात काही अर्थ आहे का?

दुर्बीण_आणि_डबा
नक्की न्या. मनोरा हा केवळ उंचीसाठी आहे, तो अपरिहार्य नाही. मार्गदर्शकाला आधीच सांगितलेत, तर तो काठावर सपाट जागी तिकाटण्यावर दुर्बीण लावून देतो, आणि बसलेल्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीला ती उतरवताही येते. धुके विरळ झाल्यावर, साधारण आठच्या सुमारास पोहोचावे, म्हणजे थंडीही कमी असते आणि ऊन पाठीवर येते. तिथे बसण्याची सोय मिळेलच असे नाही, तेव्हा घडीची खुर्ची घरूनच गाडीत टाकावी.