मदत हवी आहे (तातडीने): छडीतून आधी आई की बाबा?

सांस्कृतिक_सचिव
नमस्कार मंडळी. घाईत टंकतोय, शुद्धलेखन सांभाळून घ्या. काल गणपतीच्या कार्यक्रमात आमच्या सोसायटीत प्रश्नमंजुषा होती. शेवटच्या फेरीत बी विंग आणि सी विंग बरोबरीत आले आणि गाडी अडली ती छडीतून आधी आई येते की बाबा, यावर. बी विंग म्हणते आई, सी विंग म्हणते बाबा. दोघांनी घरून पुस्तकं आणून माझ्यासमोर धरली, तर ज्याच्या त्याच्या पुस्तकात ज्याचं त्याचं बरोबर! आज सातला आरती आणि लगेच बक्षीस समारंभ. एका शब्दात उत्तर द्या, कथा नको.

वरणभात_लिंबू
कुठली छडी? कुणाची आई?

रिकामटेकडा
आमच्याकडे छडी बाबांची आणि लाटणं आईचं असायचं. आधी लाटणं यायचं.

सांस्कृतिक_सचिव
अहो, हॅरी पॉटर! वेगळं सांगायला पाहिजे का?

मुग्धा_परदेशी
पाहिजे. सात पुस्तकं आणि आठ चित्रपट आहेत. प्रश्न पुस्तकावर होता की चित्रपटावर? कुठला भाग? आणि प्रश्नाचे नेमके शब्द काय होते? त्याशिवाय कुणीही काहीही सांगेल.

पाटीवरचा_खडू
चित्रपटच धरा. पुस्तकं आता वाचतंय कोण? आमच्या वेळी वाचनालयात नंबर लावावा लागायचा. हल्ली वाचनालयं बंद पडतायत यावर कुणीतरी धागा काढा.

सांस्कृतिक_सचिव
चौथं पुस्तक. स्मशानातला प्रसंग, खलनायक व्होल्डेमॉर्टशी सामना. छापील प्रश्न असा: 'व्होल्डेमॉर्टच्या छडीतून हॅरीच्या आईवडिलांपैकी आधी कोण बाहेर येतं?' उत्तरपत्रिकेत जेम्स, म्हणजे बाबा, लिहिलंय. प्रश्न भाचीने काढलेत, ती काल रात्रीच्या गाडीने कोल्हापूरला गेली, फोन लागत नाही. मी स्वतः वाचलेलं नाही. वाजले चार.

टपाली_घुबड
सचिवसाहेब, दोन्ही पुस्तकं जवळ आहेत ना? प्रकरण ३४ उघडा. बर्था जॉर्किन्स (व्होल्डेमॉर्टच्या बळींपैकी एक) येऊन गेल्यावर पुढची आकृती कुणाची आहे ते दोन्हींत बघा. आणि सुरुवातीच्या पानावरचे प्रकाशन आणि छपाईचे तपशील टंका. कुठली प्रत कुणाची तेही सांगा.

सांस्कृतिक_सचिव
सी विंगची प्रत जाड पुठ्ठ्याची, प्रभाकाकूंच्या मुलाने २००० साली घेतलेली, पानाच्या कोपऱ्याला हळद लागलेली. त्यात विस्कटलेल्या केसांचा उंच माणूस. तो म्हणतो, तुझी आई येतेय, धीर धर. बी विंगची मऊ पुठ्ठ्याची, नवीन, पोराची. त्यात लांब केसांची तरुण बाई आणि ती म्हणते, तुझे बाबा येतायत. बाकीची वाक्यं जवळपास सारखीच. मला वाटलं कुणाची तरी पायरेटेड आहे.

टपाली_घुबड
पायरेटेड नाही, दोन्ही अस्सल आहेत. पुस्तक ८ जुलै २००० ला आलं तेव्हा हा क्रम चुकीचा छापला गेला होता, इंग्लंडमध्येही आणि अमेरिकेतही. पुढच्या छपायांत दुरुस्त केला. छडीतले मंत्र उलट्या क्रमाने बाहेर पडतात, म्हणजे सर्वांत शेवटी मारलेला माणूस सर्वांत आधी. व्होल्डेमॉर्टने मारलं तेव्हा जेम्स खाली दारापाशी मेला, लिली, म्हणजे आई, नंतर वर बाळाच्या खोलीत. म्हणून लिली आधी यायला हवी. एका शब्दात: आई.

मुग्धा_परदेशी
घुबडाला अनुमोदन. जेम्स आधी मेला हे तिसऱ्या पुस्तकातच कळतं, डिमेंटर (माणसाचं सुख शोषून घेणारे तुरुंगाचे पहारेकरी) जवळ आले की हॅरीला जे आवाज ऐकू येतात त्यात. सातव्यात तर तो प्रसंग खुद्द व्होल्डेमॉर्टच्या आठवणीतून येतो.

काडीपेटी
दुरुस्ती बरोबर, पण भोक बुजलेलं नाही. लिलीनंतर व्होल्डेमॉर्टने हॅरीवर मंत्र टाकला ना? मग छडीतून लिलीच्या आधी तो मंत्र बाहेर पडायला हवा. तो कुठे गेला?

टपाली_घुबड
त्या मंत्राने कुणी मेलं नाही. मग आकृती कुणाची येणार?

काडीपेटी
आकृती फक्त मेलेल्यांचीच येते असं कुठे आहे? नुकत्याच मारलेल्या सेड्रिकच्या आधी छडीतून वेदनेच्या किंकाळ्या येतात, मग व्होल्डेमॉर्टने आपल्या नोकराला, वर्मटेलला, बनवून दिलेला हात धुरासारखा बाहेर येतो. हे मृत्यू आहेत का? म्हणजे प्रत्येक मोठा मंत्र कुठल्या ना कुठल्या रूपात बाहेर पडतोय. बर्था आणि लिलीच्या मध्ये काहीतरी दिसायलाच पाहिजे होतं. आणि तो मंत्र उलटून व्होल्डेमॉर्टचंच शरीर गेलं, तर मग त्याचीच धुरकट आकृती यायला हवी होती! स्वतःच स्वतःसमोर उभा. काय प्रसंग झाला असता.

वरणभात_लिंबू
आता हा धागा शंभरी गाठणार.

सांस्कृतिक_सचिव
काडीपेटी, तुमचा मुद्दा चांगला असेल, पण मला ट्रॉफी द्यायची आहे.

एकटी_जास्वंद
मुळात जेम्सची आकृती बघून मला रागच येतो. जिवावर उठलेला माणूस आपल्याला शोधतोय म्हणून घरात लपून बसलाय आणि छडी सोफ्यावर टाकून मोकळा! दार उघडलं तेव्हा हातात काही नाही. याला शूर म्हणायचं?

मुग्धा_परदेशी
हातात काही नसताना दारात आडवा गेला, म्हणूनच शूर. पण लिलीचं बलिदान हॅरीला वाचवतं आणि जेम्सचं नाही, त्याचं कारण छडी नव्हे. लिलीला बाजूला हो म्हणून सांगितलं होतं. तिला निवड होती. जेम्सला कुणी विचारलंच नाही.

एकटी_जास्वंद
आणि ती निवड तिला मिळाली स्नेपमुळे, जो तेव्हा व्होल्डेमॉर्टचा माणूस होता आणि पुढे हॅरीचा शिक्षक झाला. त्याने व्होल्डेमॉर्टकडे तिच्यासाठी रदबदली केली होती. तिच्यासाठी म्हणजे फक्त तिच्यासाठी, नवरा आणि पोर मेले तरी चालतील. मुख्याध्यापक डंबलडोरलासुद्धा त्याची किळस आली होती. आणि अशा माणसाचे डीपी लावून पोरं फिरतात.

पोशनवाले_सर
स्नेपबद्दल एक अक्षर ऐकून घेणार नाही. नंतर डंबलडोरचा हेर म्हणून जवळपास सतरा वर्षं दोन्ही बाजूंनी जीव मुठीत धरून राहिला. तुमच्यातलं कुणी राहून दाखवा.

एकटी_जास्वंद
राहिला, मान्य. पण हॅरीच्या वर्गातल्या नेव्हिलला रडकुंडीला आणणं हेरगिरीचा भाग होता का? तेरा वर्षांच्या पोराला सगळ्यांत जास्त भीती कुणाची, तर आपल्या सरांची. ज्याचे आईवडील छळाने वेडे होऊन इस्पितळात आहेत त्या पोराची ही गत. हे प्रेमभंगाच्या खाती टाकू नका.

पोशनवाले_सर
तुम्हाला पात्र कळलेलंच नाही.

सांस्कृतिक_सचिव
सर, ताई, स्नेपचं नंतर. साडेपाच झाले. उत्तरपत्रिकेत जेम्स, घुबड म्हणतायत लिली. सी विंगचे अध्यक्ष म्हणतात, छापील उत्तरच ग्राह्य. करू काय?

पाटीवरचा_खडू
नियम म्हणजे नियम. परीक्षेत उत्तरपत्रिका चुकली तर तपासनीस काय करतो? मी तीस वर्षं पेपर तपासलेत.

टपाली_घुबड
मग सर, तुम्हाला हेही माहीत असेल की प्रश्न सदोष निघाला तर गुण सगळ्यांना देतात. प्रश्नात आवृत्ती लिहिलेली नाही. दोघांनाही गुण द्या आणि नवीन प्रश्न विचारा.

काडीपेटी
टायब्रेकर मी देतो. पॉटर कुटुंबाने स्वतःच सीक्रेट कीपर (मंत्राने लपवलेल्या घराचा पत्ता जपणारा) का नाही व्हायचं? सातव्या पुस्तकात हॅरीच्या मित्राचा, रॉनचा, भाऊ बिल स्वतःच्याच घराचा कीपर आहे, तिथेच राहतो. म्हणजे घरात राहून गुपित राखता येतं. मग जेम्सने आधी मित्र सिरियस आणि मग ऐनवेळी दुसरा मित्र पीटर (तोच वर्मटेल, ज्याने दगा दिला) असा घोळ का घातला? डंबलडोर स्वतः कीपर व्हायला तयार होता, त्यालाही नाही म्हटलं. पूर्ण सात पुस्तकं या एका निर्णयावर उभी आहेत.

मुग्धा_परदेशी
हा टायब्रेकर कसला? याला उत्तरच नाही. मित्रावर विश्वास ठेवणं हा जेम्सचा स्वभाव होता, एवढंच म्हणता येतं. जवळच्यांपैकी कुणीतरी फितूर आहे हे माहीत असूनही त्याने मित्रच निवडला. पात्र म्हणून पटतं, मंत्राचे नियम म्हणून पटत नाही.

वरणभात_लिंबू
सोपं विचारा हो. लिलीच्या डोळ्यांचा रंग.

एकटी_जास्वंद
पुस्तकात हिरवा. चित्रपटात हॅरीचे डोळे निळे. पुन्हा दोन विंग भांडतील.

रिकामटेकडा
हॅरीच्या शाळेची गाडी सुटते त्या प्लॅटफॉर्मचा नंबर विचारा. पावणेदहा. लहान पोरंही सांगतील.

काडीपेटी
त्यावरून आठवलं. पहिल्या पुस्तकात रॉनची आई मॉली वीझली पोरांना प्लॅटफॉर्मचा नंबर विचारते. स्वतः तिथूनच शिकली, मोठी पोरं त्याच गाडीने गेली, आणि नंबर विसरली? ही हॅरीला गाठायला मुद्दाम पाठवलेली होती असं माझं स्पष्ट मत आहे.

टपाली_घुबड
जिनीशी बोलतेय ती. लहान मुलीला उगीच विचारतो ना आपण, गाडी कुठून सुटते सांग. चार पोरांची आई आहे, कट नव्हे.

काडीपेटी
चार नाही, सात.

टपाली_घुबड
त्या दिवशी गाडीत बसणारे चार. पर्सी, फ्रेड, जॉर्ज, रॉन.

सांस्कृतिक_सचिव
ठरलं. दोन्ही विंगना गुण, टायब्रेकर म्हणून प्लॅटफॉर्मचा नंबर, जो आधी हात वर करेल त्याला ट्रॉफी. सी विंगच्या अध्यक्षांना छपाईचं दाखवलं, ते प्रभाकाकूंच्या प्रतीकडे आता वेगळ्याच नजरेने बघतायत. चुकीची छपाई म्हणजे दुर्मिळ, लाखात जाईल म्हणतात.

टपाली_घुबड
त्यांना सांगा, लगेच हुरळू नका. अमेरिकेत पहिली छपाईच ३८ लाख प्रतींची होती आणि चूक त्या प्रतींत होती. जगभर कपाटाकपाटांत पडल्यात. शिवाय हळदीचा डाग.

पोशनवाले_सर
प्रत विकायची असेल तर खासगी निरोप पाठवा. हळद चालेल.

एकटी_जास्वंद
सर, नेव्हिलचं उत्तर राहिलं.