भाडेकरू आजींना खोली सोडायचे पैसे कोणी द्यायचे, आणि कधी?

सातारकर_७२
साताऱ्यात शनिवार पेठेत एक कौलारू घर बघतोय. पुढच्या खोलीत 1974 पासून एक आजी राहतात, भाडं महिना 60 रुपये. मालक पुण्याला. तो म्हणतो, "भाडेकरूचं तुम्ही मिटवा, किमतीतून तीन लाख कमी करतो." आजींचा पुतण्या चार मागतोय. आजींनी मात्र चहा केला आणि एवढंच म्हणाल्या, "जिना नको बाबा, गुडघे गेलेत." विसार देण्याआधी हे पैसे देऊ का?

तारीखपेतारीख
पैसे घेण्यात बेकायदा काही नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999, कलम 56 बघा. पण आज तुम्ही त्या घराचे कोणीच नाही. आजींनी हक्क सोडायचा तो मालकाकडे. तो दस्त त्या दोघांत होऊ दे, नोंदवून घ्या, आणि तुमची रक्कम किमतीचा भाग म्हणून त्यात लिहा. आधी खरेदी केलीत तर आजींचे मालक तुम्ही, 60 रुपये भाड्यासकट! आणि त्यांच्यासोबत घरचं कोण राहतं ते विचारा. आजींच्या मागे भाडेकरूचा हक्क त्या माणसाकडे जाऊ शकतो, त्याचीही सही घ्या.

कोल्हापुरी_पायताण
आमचं ऐका. साध्या कागदावर लिहून दोन लाख रोख दिले. माणसं गेली, पण पलंग, दोन ट्रंका आणि कुलूप दीड वर्ष तिथंच. निम्मी रक्कम नव्या खोलीच्या डिपॉझिटला, उरलेली डीडीनं, किल्ली हातात पडेल तेव्हा. माळासुद्धा वर चढून बघा. आमच्या माळ्यावर पाटा-वरवंटा निघाला, तेवढ्यासाठी परत भांडण!

पेठेतली
सगळे पुतण्याशीच का बोलताय? भाडेपावती कुणाच्या नावावर आहे?

सातारकर_७२
पावती आजींच्याच नावावर. पुतण्या कोरेगावला राहतो, सोबत असते ती नात, कॉलेजात आहे. काल दोघींशी बसून बोललो. तीन लाख त्यांना चालतात, पण तळमजल्याची खोली मी शोधून द्यायची आणि सामान दिवाळीनंतर हलवायचं. मालकाला सांगितलं, दस्ताला स्वतः या. तो म्हणतो, वेळ नाही. मग विसारही नाही, असं कळवलंय. पेठेत तळमजल्यावर एखादी खोली असेल तर सांगा, नळ आत हवा.