मदत हवी आहे: राउटरची रॅम आणि फ्लॅश वाढवायची आहे

राजेहो, गावच्या वाचनालयात टीपी-लिंक डब्ल्यूआर८४१एन, व्हर्जन ९ आहे. ४ एमबी फ्लॅश (सॉफ्टवेअर साठवणारी चिप), ३२ एमबी रॅम. नवं ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मुक्त सॉफ्टवेअर) त्यात मावत नाही. नवा घ्या म्हणाल, पण मला हाच करून पाहायचा आहे.

सीएच३४१ए प्रोग्रामरनं (चिप वाचायचं-लिहायचं यूएसबी यंत्र) जुन्या फ्लॅशची पूर्ण कॉपी काढली, पुन्हा वाचून जुळवलीही. डब्ल्यू२५क्यू६४ ही ८ एमबीची फ्लॅश चिप आणली आहे. रॅमसाठी जुन्या लॅपटॉपच्या डीडीआर१ पट्टीवरची ६४ एमबीची, १६-बिट चिप आहे. चिप काढायला-बसवायला हॉट एअर गन यवतमाळच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडे मिळते.

अडलंय इथं: जुन्या फ्लॅशमधला, वायफायचं कॅलिब्रेशन (त्या राउटरपुरती जुळणीची माहिती) असलेला शेवटचा ६४ केबीचा एआरटी भाग नव्या चिपच्या टोकाला हलवायचा की जुन्याच जागी ठेवायचा? आणि मूळ बूटलोडर (राउटर चालू होताना आधी चालणारा प्रोग्राम) ६४ एमबी रॅम आपोआप ओळखतो, की तोही आधी बदलावा लागतो?