ट्रेडलवर ब्राझीलसारखी 'कॉर्देल' चोपडी छापायचीय, गड्ड्यात खपेल का?

बाळीवेस_ट्रेडल:

नमस्कार मंडळी, जरा लांबड लागेल, आधीच सांगते.

आमच्या सासऱ्यांची छोटी प्रेस आहे सोलापुरात, बाळीवेशीच्या मागच्या बोळात. एक ट्रेडल मशीन (जुनं, पायानं चालवायचं छपाईयंत्र), खिळ्यांच्या म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या केसेस, एक कटर, बास. पूर्वी लग्नपत्रिका, बिलबुकं, पावत्या सगळं इथं छापलं जायचं, आता कोण येतंय, पत्रिका व्हॉट्सॲपवर जातात नाहीतर लोक डिजिटलवाल्याकडे जातात. मामंजी आठवड्यातून एकदा तेल घालून मशीन नुसतंच फिरवतात, बंद पडू नये म्हणून.

तर झालं असं की नणंदेची मुलगी कंपनीच्या कामाने सहा महिने ब्राझीलला रेसिफेला होती, येताना माझ्यासाठी पाच-सहा पातळ चोपड्या घेऊन आली. तळहातापेक्षा जरा मोठ्या, आतला कागद आपल्या जुन्या बिलबुकासारखा, कव्हर गुलाबी, पिवळं, हिरवं, आणि त्यावर लाकडाच्या ठशाने छापलेलं काळंकुट्ट चित्र. एकीवर शिंगवाला सैतान आहे, एकीवर दोन बैलांवर दोन गुराखी. आत पोर्तुगीज कविता. याला म्हणे कॉर्देल म्हणतात, कॉर्देल म्हणजे दोरी, बाजारात दोरीला अडकवून विकतात. मामंजींनी एक हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला, पानं मोजली आणि म्हणाले, "आठ पानं, एका कागदाच्या दोन घड्या. हे तर मी झोपेत छापीन."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात किडा वळवळतोय की जानेवारीत गड्ड्यात, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेत, होम मैदानावर अशी मराठी चोपडी विकायला ठेवायची, वीस रुपयाला. तर विचारायचंय की ब्राझीलमध्ये हे लोक नक्की काय लिहितात, विकतात कसे, चित्राचा ठसा घरी करता येतो का, आणि मुख्य म्हणजे आपल्याकडे कोणी घेईल का की घरचे म्हणतात तसं मला दुसरा उद्योग नाही?

फिरस्ता_सोलापूरकर:

ताई, मी त्याच भागात, पेर्नांबुको राज्यात, दीड वर्ष काढलंय (शुगर मिलची मशिनरी, सोलापूरकर दुसरं काय करणार), म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोरीचं. ते नाव मूळ पोर्तुगालचं. ब्राझीलच्या ईशान्य भागातले जुने लोक याला 'फोल्येतो' म्हणजे नुसतं चोपडं म्हणायचे, आणि बाजारात बऱ्याचदा दोरीबिरी काही नसायची, जमिनीवर कापड पसरून नाहीतर उघड्या बॅगेत मांडायचे. 'कॉर्देल' हे नाव अभ्यासक मंडळींनी रूढ केलं. त्यामुळे दोरीवर फार जीव टाकू नका.

खरी गंमत विकण्यात आहे. विक्रेता बाजारात उभा राहून चोपडी मोठ्यानं, चालीत वाचायला लागतो, भोवती माणसं जमतात, कितीतरी जणांना वाचता यायचं नाही पण ऐकायला सगळे. आणि गोष्ट ऐन रंगात आली, आता त्या पोरीचं काय होणार, सुरा खाली येणार का नाही, तिथं हा पठ्ठ्या थांबतो. पुढचं पाहिजे तर चोपडी घ्या. घरी नेऊन पोराकडून वाचून घ्यायची. म्हणजे तुमच्या वीस रुपयांचं उत्तर कागदात नाही, ते गळ्यात आहे. नुसती टेबलावर मांडून बसलात तर लोक शेंगाचटणीच्या स्टॉलकडे जातील हे लिहून घ्या.

विषय म्हणाल तर काहीही. पुराणकथा, राजाराणी, पूर, दुष्काळ, निवडणूक, खून. १९५४ मध्ये त्यांचे राष्ट्राध्यक्ष गेतुलियो वार्गास यांनी स्वतःला गोळी घातली तेव्हा त्यावरच्या चोपड्या हातोहात खपल्या, पेपर न पोचणाऱ्या गावात बातमी हीच. आणि लांपियाओ नावाचा दरोडेखोर १९३८ मध्ये पोलिसांनी मारला, त्याच्यावर तर किती लिहिलंय याला गणतीच नाही. त्यातली सगळ्यात गाजलेली चोपडी म्हणजे हा मेल्यावर नरकात जातो, दारावरच भांडण काढतो, मारामारी होते आणि जाताना आग लावून देतो. त्यात सैतानाचं किती नुकसान झालं याचा हिशेब दिलाय, पैसे जळाले, माल जळाला आणि हजेरीची वही जळाली! नरकात मस्टर असतं ही कल्पना मला आजही सुचत नाही, मिलमध्ये काम केलेल्या माणसालाच सुचावी.

तुळजापूर_नाका:

सगळं छान आहे पण हे ब्राझीलवरून आणायची काय गरज बे? राम जोशी आपल्या सोलापूरचेच ना? अठराव्या शतकात या गावात लावण्या लिहिणारा माणूस होता, आपल्याकडे कलगी-तुरा होता, रात्र रात्र सवाल-जवाब चालायचे, बार्शीचे शाहीर अमर शेख तर परवापरवापर्यंत डफ वाजवत होते. यात्रेत पोवाड्यांची चोपडी मी लहानपणी स्वतः घेतलीय, चार आण्याला. ते आपण मरू दिलं आणि आता बाहेरून नवीन नावानं येलालं की लगेच भारी. उद्या कडक भाकरीला पण पोर्तुगीज नाव ठेवतील.

फिरस्ता_सोलापूरकर:

दादा, भांडण नाही, उलट तुमचाच मुद्दा पुढे नेतो. त्यांच्याकडे कलगी-तुऱ्याचा सख्खा भाऊ आहे. दोन गायक तारांचं वाद्य घेऊन समोरासमोर बसतात आणि जागच्या जागी कडवी जुळवून एकमेकांना कोंडीत पकडतात, त्या झुंजी पुढे चोपड्यांमध्ये छापल्या जायच्या. आणि आपले शाहीर शेवटच्या चरणात स्वतःचं नाव गुंफतात ना, तसंच तिकडं शेवटच्या कडव्यात ओळींची पहिली अक्षरं वरून खाली वाचली की कवीचं नाव निघतं. हे नुसतं मिरवायला नाही, चोरी होऊ नये म्हणून. लेआंद्रो गोमिस दि बारोस हा या धंद्याचा बाप, १९१८ मध्ये गेला. पुढे १९२१ मध्ये त्याच्या बायकोकडून दुसऱ्या एकानं हक्क विकत घेतले आणि कव्हरवर सरळ स्वतःचं नाव छापत राहिला. आत कडव्यात मात्र लेआंद्रो लपून बसलेला. (काही ठिकाणी म्हणे ते कडवं पण बदललं, माणूस तो माणूसच.)

मरू दिलं म्हणालात ते मात्र बरोबर. तिकडंही रेडिओ-टीव्हीनं हे मरेल असं म्हणत होते, मेलं नाही. २०१८ मध्ये त्यांच्या सरकारी वारसा संस्थेनं कॉर्देलला देशाचा सांस्कृतिक वारसा म्हणून मान्यता दिली. हे चांगलं का वाईट माहीत आहे? माझ्या डोळ्यांनी बघितलंय, विमानतळावर कॉर्देलचे फ्रिज मॅग्नेट मिळतात, आणि आतली कविता वाचायला कुणाला वेळ नाही.

नुसती_वाचक:

वेळ नाही असं सरसकट नको हं. ब्राउलियो बेसा नावाचा सियारा राज्यातला कवी टीव्हीवर सकाळच्या कार्यक्रमात कॉर्देल म्हणायचा आणि बायका स्वयंपाक सोडून ऐकायच्या. जारिद आराइस ही १९९१ मध्ये जन्मलेली मुलगी, तिचे वडील आणि आजोबा दोघं कॉर्देलवाले, तिनं ब्राझीलच्या इतिहासातल्या काळ्या बायकांवर चोपड्या लिहिल्या ज्यांचं नाव शाळेच्या पुस्तकात नव्हतं. इतकी वर्षं बायका या चोपड्यांमध्ये एक तर सती नाहीतर सैतानाची मावशी, तिनं तोच छंद, तीच आठ पानं घेऊन मुद्दाम त्या घरात घुसून सामान हलवलं. मला यातलं हे सगळ्यात आवडलं.

ट्रेडलवाली ताई, अजून एक बघा, अर्जेंटिनातलं. २००१ मध्ये तिथं बँका बुडायला आल्या, लोक रस्त्यावर आले, कित्येक जण रात्री पुठ्ठे गोळा करून विकायला लागले. २००३ मध्ये ब्यूनोस आयर्सला काही लेखक-चित्रकारांनी 'एलोइसा कार्तोनेरा' सुरू केलं, ते या लोकांकडून पुठ्ठा भंगारवाल्यापेक्षा जास्त भावानं घ्यायचे, कापून त्यावर हातानं रंगवायचे आणि आत झेरॉक्स केलेली पानं लावून पुस्तक विकायचे. प्रत्येक कव्हर वेगळं. मोठमोठ्या लेखकांनी फुकट मजकूर दिला. मग पेरूत, ब्राझीलमध्ये, सगळीकडं तसे गट निघाले. आपल्या चादरीच्या खोक्यांचा पुठ्ठा चाटी गल्लीत ढिगानं पडलेला असतो, सुचलं म्हणून सांगते.

जकार्डमास्तर:

मी अशोक चौकातला, चाळीस वर्षं चादरीच्या जकार्डची कार्डं (मागावर नक्षी उठवणारी भोकांची पुठ्ठ्याची कार्डं) पंच केली, आता नातवंडं सांभाळतो. मराठी थोडं इकडंतिकडं झालं तर चालवून घ्या, घरी तेलुगू.

ठशाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. बाई, लाकूड मऊ पाहिजे पण दाणा बारीक पाहिजे. सागावर नवशिक्याचा हात घसरतो, शिसम तर पटाशीच खाऊन टाकील. आधी लिनोलियमचा तुकडा घ्या, चित्रकलेच्या पोरांना लिनोकटसाठी मिळतो तोच, त्यावर हात बसवा. आणि पहिली चूक सगळे करतात ती सांगतो, अक्षर उलटं कोरायचं असतं. माझ्या नातवानं मागच्या वर्षी शाळेच्या प्रोजेक्टला 'सोलापूर' सरळ कोरलं, छापल्यावर उर्दूच्या बाजूनं सुरू झालं. बटर पेपरवर लिहा, पेपर पालथा टाका, कार्बननं उतरवा. शिरोरेघ आधी कोरू नका, ती शेवटपर्यंत जाड ठेवा, सगळी अक्षरं तिलाच लटकलेली असतात, ती तुटली की शब्द गेला. दोरी पाहिजे होती ना, ती घ्या दोरी.

चित्रात बारीक काम नको. चादरीत आम्ही मोर काढायचो तर ग्राफच्या चौकटीत बसेल तेवढाच मोर, बाकीचा सोडून द्यायचा. लोकांना मोर ओळखायला तेवढा पुरतो.

फिरस्ता_सोलापूरकर:

काका, नमस्कार करतो तुम्हाला. तिकडं उंबुराना नावाचं मऊ लाकूड वापरतात, आणि छापताना मशीन नसेल तर कागद ठेवून लाकडी चमच्याच्या पाठीनं घासतात. पेर्नांबुकोतल्याच बेझेरूस गावचे जे. बोर्जेस (अर्जेंटिनाचे ते आंधळे मोठे लेखक बोर्हेस वेगळे, गल्लत नको), या माणसाची शाळा वर्षभर पण नाही झाली. ऊस तोडला, सुतारकाम केलं, बाजारात दुसऱ्यांच्या चोपड्या विकल्या. १९६४ मध्ये स्वतःची पहिली काढली, तिच्यावर दुसऱ्याचं चित्र. दुसऱ्या चोपडीला चित्रकाराला द्यायला पैसे नव्हते म्हणून स्वतःच लाकूड कोरलं. पुढं त्याच माणसाची चित्रं जगभरच्या म्युझियममध्ये गेली. २०२४ च्या जुलैमध्ये गेले, ८८ वर्षांचे होते. चित्रकाराचे पैसे खिशात असते तर जगाला हा चित्रकार मिळालाच नसता.

तुळजापूर_नाका:

बरं बाबा पटलं. मग विषय मी देतो. २०२३ मध्ये विमानतळासाठी साखर कारखान्याची चिमणी पाडली, अख्खं गाव मोबाईल घेऊन गच्चीवर होतं, त्यावर एक चोपडी तेव्हाच निघायला पाहिजे होती. पण आता शिळं झालं. कायम ताजा विषय सोलापुरात एकच, पाणी. छंदाचा काय नियम आहे ते सांगा, बघतो प्रयत्न करून.

फिरस्ता_सोलापूरकर:

सहा ओळींचं कडवं, दोन-चार-सहा ओळींना यमक, एक-तीन-पाच मोकळ्या. ओळी आखूड.

तुळजापूर_नाका:

घ्या. रात्री साडेअकराला जमलं, बायको हसलाली.

पहाट झाली, नळ आला की
गल्ली सारी जागी झाली,
हंडा घागर बादली टाकी
रांग लागली नळाखाली,
नंबर आला, पाणी गेलं
आमची बादली तशीच खाली!

(पुणेकर म्हणतील 'खाली' नाही 'रिकामी'. त्यांना म्हणावं नळाला रोज पाणी येतंय तर गप बसा.)

बाळीवेस_ट्रेडल:

अहो दादा!! मामंजींना वाचून दाखवलं, दोनदा वाचायला लावलं. मग उठले आणि केस उघडून बसले. आता अडचण ऐका. खिळे झिजलेत ते एकवेळ चालतील, पण 'ळ' संपलाय. मोजून नऊ निघाले, त्यातले दोन तुटके. तुमच्या एका कडव्यात दोन 'ळ' आणि नळावर चोवीस कडवी लिहायची म्हणजे गणितच बसत नाही. मामंजी म्हणतात नळाऐवजी 'तोटी' लिहायला सांग. मी म्हणलं तोटीला ती मजा नाही.

बाकी ठरलंय असं: आठ पानं, कव्हर पतंगाच्या रंगाच्या कागदाचं, लिनोवर मी हंडा कोरायला घेतलाय, मास्तरकाका तुम्ही सांगितलं तसं शिरोरेघ जाड ठेवलीय, हंड्याचा गळा मात्र दोनदा मोडला. वाचायला कोण उभं राहणार हा प्रश्न आहे, मला होम मैदानावर ओरडायची लाज वाटते. आणि 'ळ'.

तुळजापूर_नाका:

वाचायला मी येतो. सहाव्या ओळीच्या आधी थांबायचं, कळलं.

जकार्डमास्तर:

बाई, आमच्या शेजारी एक प्रेस होती, मालक वारले, पोरगा पुण्याला. केसेस माळ्यावर पडून होत्या. आज त्याला फोन करून विचारलं आणि नातवाला माळ्यावर चढवला. धूळ फार आहे, पण 'ळ' मोजले, एकतीस आहेत. रविवारी दुपारी डब्यात घालून आणतो, मामंजींना घरी थांबायला सांगा.