खानावळीच्या आरोग्य तपासणीचे शुल्क कशाच्या आधारे ठरवावे?

राजारामपुरीतील खानावळचालक
नमस्कार. कोल्हापुरात माझी 18 आसनांची खानावळ आहे. परवान्याच्या नूतनीकरणाची कागदपत्रे जुळवताना प्रश्न पडला की, परवाना शुल्कात आरोग्य तपासणीचा खर्च धरायचा झाल्यास तो काढायचा कसा. भटारखाना, पाण्याची टाकी, मोरी आणि ओल्या कचऱ्याची सोय पाहायला निरीक्षकाला माझ्याकडे अर्धा तास पुरेल. मंगल कार्यालयाच्या भटारखान्यात मात्र अर्धा दिवस जाईल. मग शुल्क क्षेत्रफळावर असावे, उलाढालीवर, की लागणाऱ्या वेळेवर? आमच्या भागातील व्यावसायिक मिळून महापालिकेला लेखी सूचना देणार आहोत, म्हणून जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शाहूपुरीतील वकील
प्रथम दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 हा 5 ऑगस्ट 2011 पासून लागू झाला. त्याखालील नोंदणीचे शुल्क केंद्राच्या नियमांनी ठरते आणि अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. त्या रकमेत महापालिका बदल करू शकत नाही. महापालिकेचा परवाना महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाखाली मिळतो, आणि कलम 386 नुसार त्याच्या शुल्काचा दर आयुक्त ठरवतात, मात्र त्याला महापालिका सभेची मंजुरी लागते. कोल्हापुरात नोव्हेंबर 2020 पासून कित्येक वर्षे निवडून आलेल्या सभेऐवजी प्रशासक कारभार पाहत होते, म्हणजे दर सुचवणारा आणि मंजूर करणारा हात एकच होता. त्यामुळे त्या काळात दर बदलले असल्यास त्या ठरावांच्या प्रतीही आवर्जून मागाव्यात.

कर सर्वांच्या सामायिक गरजेसाठी आणि शुल्क विशिष्ट सेवेच्या मोबदल्यात, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने उडुपीच्या शिरूर मठाच्या प्रकरणात 1954 मध्ये मांडला. पुढे 1999 मध्ये हैदराबादच्या हॉटेलमालकांच्या प्रकरणात न्यायालयाने नियामक शुल्काचा, म्हणजे व्यवसायावर देखरेख ठेवण्यासाठी घेतलेल्या शुल्काचा, वेगळा विचार केला: तेथे सेवेचा तंतोतंत मोबदला दाखवावा लागत नाही, परंतु शुल्क अवाजवीही असता कामा नये. म्हणून ‘आम्हाला सेवाच मिळत नाही’ एवढ्याच मुद्द्यावर आपली सूचना उभी करू नये. खर्चाचा हिशेब मागणे हा अधिक भक्कम मार्ग आहे.

निवृत्त स्वच्छता निरीक्षक
हिशेब अवघड नाही, पण तो चिकाटीने करावा लागतो. निरीक्षकाचा जाण्यायेण्याचा वेळ, प्रत्यक्ष पाहणी, अहवाल लिहिणे, पाण्याच्या नमुन्याची तपासणी आणि कार्यालयीन खर्चातील वाटा एकत्र करून एका तासाचा खर्च काढायचा. समजा तो 600 रुपये आला आणि तुमच्यासारख्या खानावळीला वर्षातून दोन भेटी, प्रत्येक भेटीला सगळे धरून दीड तास लागला, तर वर्षाचा खर्च 1,800 रुपये होतो. उलाढाल हा निकष मला पटत नाही, कारण गल्ला मोठा असला म्हणून मोरी घाण असते असे नाही. क्षेत्रफळ त्यापेक्षा बरे, तरीही अपुरे आहे. नुसता चहा विकणारे दुकान आणि मटणाचा रस्सा दिवसभर चुलीवर ठेवणारी खानावळ यांची जागा सारखी असली तरी धोका सारखा नसतो. पहिल्या भेटीत दोष सापडला तर फेरतपासणीचा खर्च त्याच व्यावसायिकाकडून घ्यावा. स्वच्छता राखणाऱ्याने तो का सोसावा?

आणखी एक, दादा. शुल्कवसुलीचे उद्दिष्ट निरीक्षकाच्या माथी कधीही मारू नये. वसुलीची चिंता डोक्यात असलेला माणूस टाकीचे झाकण उघडून आत पाहत नाही, हे मी नोकरीच्या अनुभवावरून सांगतो.

गंगावेशीतील शिक्षिका
मला एक बाजू सुटलेली वाटते. इचलकरंजीत 2012 मध्ये काविळीची साथ आली, तेव्हा दूषित पाण्याची किंमत घराघरांतून मोजावी लागली. साथ टळली की त्याचा लाभ खानावळचालकाबरोबर रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या प्रत्येकाला मिळतो. असे असताना तपासणीचा सारा खर्च परवानाधारकांकडूनच वसूल करणे मला न्याय्य वाटत नाही. अचानक केलेल्या पाहण्या आणि साथीच्या काळातील नमुना तपासणी यांचा खर्च करांतून भागवावा. त्यामुळे एखाद्या वर्षी परवान्यांची वसुली घटली, तरी तपासण्या कमी होणार नाहीत.

राजारामपुरीतील खानावळचालक
सर्वांचा मनापासून आभारी आहे. बाई, तुमचा मुद्दा आम्ही सूचनेत अगदी वर घेऊ. शहरातील रस्त्यांवरच्या टोलविरोधी लढ्यात कोल्हापूरकरांनी रस्त्यांच्या खर्चाचे मूल्यांकन मागितले होते; त्याच शांतपणे तपासणीच्या खर्चाचाही हिशेब मागता येईल असे वाटते. माहिती अधिकाराखाली 10 रुपये भरून मागील पाच वर्षांचे दर, संबंधित ठराव, परवान्यांची संख्या, तपासणीच्या भेटी आणि त्यांवरील खर्च अशी माहिती मागत आहे. 30 दिवसांच्या मुदतीत उत्तर आले की ते येथे लिहीन. तोवर माझ्या खानावळीत कोणत्या पाहणीला किती मिनिटे लागतात याची नोंद ठेवतो. निरीक्षक काकांनी सांगितलेल्या रीतीने अन्य खानावळचालकांनीही ती ठेवली, तर दीड तासाचा अंदाज आमच्याकडे कितपत लागू पडतो हे कळेल.