अनुभव धागा: वास्तू पाटीवरची नको, घरातली सांगा

२०२५च्या जुलैमध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले आणि आमच्या घरच्या ग्रुपवर तह, तोफा, तारखा सगळं येऊन गेलं. पण या दगडांच्या आसपास राहणारी माणसं त्यांच्याशी कशी वागतात, हे कुणी लिहीत नाही. ते इथे लिहा. किल्ला, घाट, वेस, दर्गा, चर्च, काहीही चालेल. माहितीफलकावरचा मजकूर तेवढा नको.

गोदाकाठ

नाशिककर म्हणून पहिला मान दुतोंड्या मारुतीचा. रामकुंडापाशी नदीच्या पात्रात उभा, तोंड पुढेही आणि मागेही. गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं ते बातम्यांत सांगतात, पण त्या आकड्यांवरून कुणाला काय कळणार? सासरे भांडी बाजारातल्या दुकानातून फोन करायचे तेव्हा सासूबाईंचा प्रश्न ठरलेला, "मारुती कुठवर?" गुडघ्यापर्यंत असेल तर चहा पाठवा. कमरेला लागलं की खालच्या फळीवरची पितळी पातेली माळ्यावर चढवायची. छातीला आलं की शटर ओढून घर गाठायचं. २०१९च्या ऑगस्टमध्ये तर मारुती दिसेनासाच झाला होता. पुराचं माप म्हणून देव वापरणारं दुसरं गाव असेल तर जरूर कळवा.

जवळच नारोशंकराचं देऊळ आहे, १७४७चं. तिथली भली मोठी घंटा पोर्तुगिजांची, वसईच्या विजयानंतर आणलेली.

किल्लाबंदर

गोदाकाठ, घंटा परत कधी पाठवताय? गंमत केली हो. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली आणि इथल्या घंटा कुठे कुठे गेल्या. एक भीमाशंकरला आहे, एक वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर. आमची नाना, म्हणजे आजी, लाल लुगड्यात तिथे गेली होती. घंटेखाली उभं राहून तिने क्रुसाची खूण केली, मग सोबतच्या बायकांबरोबर महादेवालाही हात जोडले. तिला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, आम्हालाच फोटो काढायची घाई.

वसईच्या किल्ल्यातल्या बहुतेक चर्चच्या आता नुसत्या भिंती उरल्यात. संत गोन्सालो गार्सियांच्या नावाच्या चर्चला मात्र छप्पर आहे आणि सणाला मिस्सा होते. ते वसईचेच, १५९७मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले. बाकीच्या भिंतींपुढे वर्षभर प्री-वेडिंगवाल्यांची गर्दी. त्यावर बोलायला बसले तर वेगळा धागा काढावा लागेल.

पेठकर

पेशव्यांनी कात्रजहून भुयारी नळाने पाणी आणलं, पुण्याच्या पेठांमधून हौद बांधले. हौदांची पाणी भरण्याची कामं केव्हाच संपली, पण रिक्षावाल्याला "फडके हौद" म्हटलं की पुढे तोंड उघडावं लागत नाही. सविस्तर लिहायला इतर पुणेकर आहेतच, ते राहवून घेणार नाहीत.

मालवणची लेक

मावशीचं सासर सिंधुदुर्गात. जिल्ह्यात नव्हे, किल्ल्यात! चहूबाजूंनी खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. गाईड ही नावं घाईघाईत म्हणून पुढे जातो. सुट्टीत राहायला गेलं की कळशा मात्र आम्हा पोरांच्या वाट्याला यायच्या. पावसाळ्यात पर्यटकांच्या होड्या बंद, त्यामुळे तांदूळ, डाळ, औषधं आधीच भरून ठेवायची. राजाराम महाराजांनी बांधलेल्या शिवराजेश्वर मंदिरातली पूजा तेव्हाही चुकत नाही. तिथल्या मूर्तीला दाढी नाही, शिरस्त्राणही नावाड्याच्या टोपीसारखं. बाहेरून आलेले गोंधळतात, "हे महाराज?" मावशीचे सासरे म्हणायचे, "दर्यावर इले ना, मग दर्यासारखेच दिसतले."

धागाकर्ती

मराठवाड्यातून अजून कुणीच नाही. छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबादच्या) पाणचक्कीच्या आसपास वाढलेलं कुणी असेल तर लिहा. नहरीचं, म्हणजे तिथल्या जुन्या भुयारी नळाचं पाणी तुमच्या घरापर्यंत यायचं का?